इंजिन किती मोठं ते छापता, कुठे बसवलंय ते पण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ले माँच्या, म्हणजे फ्रान्समधल्या त्या २४ तासांच्या रेसबद्दल तुमच्या क्रीडा पानावर काहीही आलं की मी आधी ते वाचतो, बाकीचा पेपर नंतर, पण दर वेळी मजकूर तोच असतो, हॉर्सपॉवर किती, टॉप स्पीड किती, ड्रायव्हर कोण आणि शेवटी शॅम्पेनचा फोटो. मागच्या वेळी तर एका ओळीत असंही होतं की रेसिंग कारचं इंजिन मधोमधच असतं, विषय संपला. अहो विषय तिथे सुरू होतो! ले माँला आज एकाच ट्रॅकवर एकाच वेळी पुढे इंजिन असलेल्या, मधे इंजिन असलेल्या आणि पार मागे इंजिन असलेल्या गाड्या एकाच क्लासमध्ये (एकाच नियमांच्या गटात) धावतात आणि एकमेकांच्या बंपरला बंपर लावून धावतात, असं जीटी गाड्यांच्या रेस सोडल्या तर दुसऱ्या कुठल्या मोठ्या रेसिंगमध्ये फारसं बघायला मिळत नाही. फॉर्म्युला वनमध्ये हा प्रश्न केव्हाच मिटला. इथे मिटलेला नाही, आणि का नाही ते कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, कापायचं असेल तर कापा पण ९११ चा भाग तेवढा ठेवा.

टॉप स्पीडचं म्हणाल तर १९८८ साली ले माँच्या मुल्सान सरळीवर (ट्रॅकचा लांबलचक सरळ भाग) डब्ल्यूएम-पूजोने ताशी ४०५ किमीचा स्पीड काढला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. ती गाडी त्या वर्षी रेस पूर्ण करू शकली नाही हे किती जणांना माहितीये? दोन वर्षांनी त्या सरळीत दोन शिकेन (वेग कमी करायला लावणारी डावी-उजवी वळणं) घातले आणि ते प्रकरणच संपलं. तर आकड्यांचं असं आहे.

आता मूळ मुद्दा. "मधे इंजिन" म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे पण मागच्या ॲक्सलच्या पुढे. "मागे इंजिन" म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे, जिथे इतर गाड्यांची डिकी असते तिथे. आणि "पुढे" म्हणजे बॉनेटखाली, पण रेसिंगच्या गाडीत तेही साधं नसतं, मर्सिडीज एएमजी किंवा ॲस्टन मार्टिनच्या जीटी३ (रस्त्यावरच्या मॉडेलवरून बनवलेल्या रेसिंग) गाडीचं बॉनेट उघडलं तर इंजिन पुढच्या चाकांच्याही मागे, पार काचेच्या खाली घुसलेलं दिसतं आणि गिअरबॉक्स मात्र मागच्या ॲक्सलला लावलेला असतो, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटलं जातं. दोन हातात दोन भरलेल्या बादल्या घेऊन हात लांब करून गर्रकन वळून बघा आणि मग त्याच बादल्या पोटाशी धरून वळा, मधल्या इंजिनाचा सगळा फायदा त्यात आला. वजन मधे असेल तर गाडी पटकन वळते आणि वळायची थांबतेही पटकन, हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे कारण शिकेनमध्ये डावीकडून उजवीकडे जाताना गाडीचं वळणं थांबलं नाही तर भिंत आहेच.

हे शास्त्र कळायला ले माँला वेळ लागला असं नाही पण थोडा लागला. पुढे इंजिन असलेली गाडी तिथे एकंदरीत, म्हणजे सगळे क्लास मिळून, पहिली आली ती शेवटची १९६२ साली, फेरारी ३३० टीआरआय, फिल हिल आणि ऑलिव्हिए जेंडेबिएन. पुढच्याच वर्षी फेरारीनेच मधल्या इंजिनाची २५० पी आणून जिंकली आणि त्यानंतर पुढच्या इंजिनाला एकंदरीत विजय मिळालेला नाही. मग फोर्ड जीटी४० आली, १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं, तीही मधल्या इंजिनाचीच.

इथवर सगळेच लिहितात. पण पुढचं इंजिन मेलं नाही. २००० साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या २४ तासांत डॉज व्हायपर जीटीएस-आर एकंदरीत पहिली आली, बॉनेटखाली ८ लिटरचं व्ही१० (व्ही आकारात दहा सिलिंडर) घेऊन, समोर प्रोटोटाइप, म्हणजे फक्त रेससाठीच बनवलेल्या गाड्या असताना! प्रोटोटाइपवाले एकेक करून बिघडत गेले आणि व्हायपर आपली चालत राहिली. ले माँच्या जीटी क्लासात कॉर्व्हेटने २०१५ ला पुढच्या इंजिनानेच बाजी मारली आणि २०१७ ला ॲस्टन मार्टिनने, तेही शेवटच्या लॅपवर त्याच कॉर्व्हेटला मागे टाकून, म्हणजे पुढच्या इंजिनाची गाडी पुढच्या इंजिनाच्याच गाडीशी शेवटच्या मिनिटापर्यंत भांडत होती आणि मधल्या इंजिनाच्या फोर्ड आणि फेरारी मागे होत्या. आता ह्याला काय म्हणायचं?

माझं म्हणणं असं की एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे अशा तासन्‌तास चालणाऱ्या रेसमध्ये, इंजिन कुठे बसवायचं हे इंजिनवाला ठरवत नाही. ते आधी गाडीच्या पोटाखालची हवा ठरवते, मग मागचे टायर ठरवतात, मग रात्री तीन वाजता पाना घेऊन वाकलेला मेकॅनिक ठरवतो, आणि उरलेल्या जागेत इंजिनवाल्याला सांगतात की बाबा इथे बसव.

पोर्शे ९११ चंच घ्या. हिच्या बाबतीत अर्धे लोक म्हणतात मागचं इंजिन म्हणजे जुनाट हट्ट आणि उरलेले म्हणतात त्यातच सगळी जादू. दोघांचंही थोडं खरं आहे. मागच्या चाकांवर इंजिनाचं वजन बसलेलं असल्याने स्लो कोपऱ्यातून बाहेर पडताना गाडी घसरत नाही, पाय दाबला की निघाली. ब्रेक मारताना इतर गाड्यांचं वजन सगळं पुढे पळतं आणि मागची चाकं नुसती शोभेला उरतात, हिची मागची चाकं तेव्हाही काम करत असतात, म्हणून ९११ चे ड्रायव्हर एवढ्या उशिरा ब्रेक मारतात. १९७९ ला तर पाऊस पडला, मोठ्या गाड्या बिघडल्या आणि क्रेमर टीमची ९३५ के३, म्हणजे ९११ चाच राक्षसी अवतार, मागे इंजिन घेऊन ले माँ एकंदरीत जिंकून गेली.

मग तोटा काय? सगळ्यात आधी मागचे टायर, वजन त्यांच्यावर म्हणून झिजही त्यांचीच. तासभर ते टायर सांभाळून चालवायला वेगळा हात लागतो. पण खरी गोची टायरची नाहीच, ती आहे डिफ्युझरची. गाडीच्या पोटाखालून हवा मागे जाते आणि शेवटी गाडीचा तळ वर उचललेला असतो (तोच डिफ्युझर) तिथे ती पसरते, त्यामुळे पोटाखाली दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते, आणि हे जवळपास फुकट मिळतं, मोठ्या विंगसारखं सरळीवर मागे ओढत नाही. आता जिथे डिफ्युझर हवा नेमकं तिथेच ९११ चं इंजिन बसलेलं! वरून ते सपाट सहा सिलिंडरचं, तीन इकडे तीन तिकडे आडवे, म्हणजे खाली बसतं हे चांगलं पण रुंद असतं, आणि सायलेन्सरही तिथेच.

तर पोर्शेने २०१७ च्या ९११ आरएसआरमध्ये काय केलं, इंजिन आणि गिअरबॉक्सची अदलाबदल केली. गिअरबॉक्स मागे, इंजिन ॲक्सलच्या पुढे. ९११ आणि मधे इंजिन! जुन्या भक्तांनी बोटं मोडली. पण कारण साधं होतं, गिअरबॉक्स अरुंद असतो, त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि खालून डिफ्युझरला मोकळी जागा मिळते. २०१८ ला त्या गाडीने, गुलाबी डुकराच्या रंगातल्या, ले माँचा जीटीई प्रो क्लास (तेव्हाचा व्यावसायिक ड्रायव्हरांचा जीटी क्लास) जिंकला. त्यांचं तेवढ्यावरही भागलं नाही, २०१९ च्या आरएसआरमध्ये एक्झॉस्टचे पाइप मागून काढून बाजूला, मागच्या चाकांच्या पुढे आणले, परत तेच, डिफ्युझरला जागा.

आणि गंमत म्हणजे आज जी ९११ ले माँला धावते ती जीटी३ आर आहे आणि तिचं इंजिन परत मागे आहे, कारण जीटी३ च्या नियमात मूळ रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. मग त्यांनी ते ५.५ अंशांनी तिरकं केलं. साडेपाच अंश, बस. तेवढ्याने खालच्या बाजूला डिफ्युझरला श्वास घ्यायला जागा झाली. एखादा इंजिनिअर किती दिवस ह्या साडेपाच अंशांवर बसला असेल विचार करा. ही युक्तीही त्यांच्या घरचीच जुनी, १९८२ च्या पोर्शे ९५६ मध्ये पोटाखालचे हवेचे बोगदे मोठे करायला इंजिन-गिअरबॉक्स असंच मागून वर उचलून बसवलं होतं आणि त्या वर्षी ले माँच्या पहिल्या तिन्ही जागा ९५६ ने घेतल्या. म्हणजे चाळीसएक वर्षं तोच प्रश्न, तेच सपाट सहा सिलिंडर आणि तीच हवा.

कॉर्व्हेटने पण शेवटी २०२० ला सी८.आर मध्ये इंजिन मागे सरकवून मधे आणलं. झोरा आर्कस-डंटोव्ह नावाचा त्यांचा इंजिनिअर काही दशकं आधीच हे मागत होता, कंपनी ऐकत नव्हती. आमच्यासारख्या जुन्या पब्लिकला मात्र पुढच्या व्ही८ चा तो खोल घुमणारा आवाज गेल्याचं वाईट वाटलं कारण नवीन ५.५ लिटर व्ही८ चा क्रँक (पिस्टनची ताकद फिरवणारा दांडा) फ्लॅट प्लेन नावाच्या वेगळ्या घडणीचा आहे, तो वेगळाच किंचाळतो. असो.

इंजिन कुठे हा एक प्रश्न, आणि इंजिनाचा आकार कसा हा त्याचाच जुळा भाऊ. पोर्शे ९१७ ला सपाट १२ सिलिंडर होते, एवढा लांब क्रँकशाफ्ट की एका टोकाकडून ताकद काढली तर तो पिळवटून थरथरणार, म्हणून त्यांनी मधोमध गिअर लावून तिथून ताकद बाहेर काढली. वर आडवा मोठा पंखा कारण इंजिन हवेवर थंड होणारं. १९७० आणि १९७१, दोन्ही वर्षं ले माँ त्यांचं. पण पोटाखालच्या हवेचं शास्त्र आल्यावर अशी रुंद सपाट इंजिनं प्रोटोटाइपमध्ये अडचण होऊन बसली. खाली बसतात हे खरं, पण जिथून हवा जायची तिथेच सिलिंडर हेड आडवे येतात. व्ही आकाराचं इंजिन थोडं उंच असतं पण खालून निमुळतं, त्याच्या दोन्ही बाजूंनी हवेला वाट मिळते. म्हणून व्ही.

आता व्ही किती उघडा? ऑडी आर१८ च्या डिझेल व्ही६ मध्ये १२० अंशांचा उघडा व्ही होता आणि त्या खाचेत वरती टर्बो (गरम वायूंच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा) ठेवला होता. साधारण इंजिनात गरम वायू बाहेरच्या बाजूने निघतात, इथे ते आतल्या बाजूने थेट टर्बोत, पाइप आखूड, आणि बाहेरच्या बाजू मोकळ्या. फेरारीची ४९९पी, जी २०२३ पासून सलग तीन वर्षं ले माँ जिंकली, तिचंही ३ लिटरचं व्ही६ १२० अंशांचंच आहे आणि टर्बो खाचेत. हे इंजिन त्यांच्या २९६ जीटी३ गाडीच्याच घराण्यातलं पण एक मोठा फरक आहे. जीटी३ गाडीत इंजिन सबफ्रेमवर बसवलेलं असतं, गाडीचा भार ते उचलत नाही. ४९९पी मध्ये इंजिन स्वतःच चॅसीचा भाग आहे, कार्बनच्या टबला (ड्रायव्हर बसतो तो सांगाडा) मागे इंजिन बोल्टने जोडलं, इंजिनाला गिअरबॉक्स, गिअरबॉक्सला मागचं सस्पेन्शन, मधे फ्रेम वगैरे काही नाही. वळणाच्या कडेच्या कर्बवर चाक आपटलं की तो दणका इंजिनाच्या ब्लॉकमधून पुढे जातो. मग असं इंजिन नुसतं ताकदवान असून चालत नाही, ते मजबूतही लागतं आणि ते थरथरून चालत नाही कारण त्याची थरथर म्हणजे सगळ्या गाडीची थरथर.

पोर्शे ९१९ ला ह्याचा चांगलाच अनुभव आला. त्यांनी घेतलं २ लिटरचं टर्बो व्ही४, हायब्रिडच्या बॅटरीला आणि मोटरला जागा हवी म्हणून सगळ्यात छोटं आणि हलकं. पण व्ही४ जात्याच थरथरणारं, सुरुवातीच्या टेस्टिंगमध्ये ती थरथर एवढी होती की इंजिनात मोठे बदल करावे लागले. नंतर तीच गाडी २०१५, १६ आणि १७ अशी तीन वर्षं जिंकली. कुणी म्हणेल चार सिलिंडरवर ले माँ? हो, चार सिलिंडरवर. आणि १९९१ च्या माझदा ७८७बी ला तर सिलिंडरच नव्हते, चार रोटर (पिस्टनऐवजी गोल फिरणारे त्रिकोणी भाग), २.६ लिटर, गाडीचं वजन ८३० किलो जेव्हा मर्सिडीज आणि जॅग्वारसारख्यांना १००० किलो वाहावे लागत होते. लोक म्हणतात वजनाची सूट मिळाली म्हणून जिंकली, मिळाली हे खरंच, पण ३६२ लॅप त्या इंजिनाने कुरकुर न करता काढल्या त्याचं काय? जॉनी हर्बर्ट शेवटी उतरला तेव्हा पाणी कमी पडून असा गळाठला होता की पोडियमवर पण जाऊ शकला नाही, गाडी मात्र ठणठणीत.

दुसऱ्या टोकाला २०२५ ला आलेली ॲस्टन मार्टिन व्हल्कीरी, ६.५ लिटर व्ही१२, टर्बो नाही, हायब्रिड नाही. कॅडिलॅकचं ५.५ लिटर व्ही८, तेही बिनटर्बो. टोयोटाचं ३.५ लिटर व्ही६ ट्विन टर्बो. पोर्शे ९६३ चं ४.६ लिटर व्ही८ ट्विन टर्बो. हे सगळे २०२५ ला एकाच क्लासात, ताकद नियमाने साधारण ५०० किलोवॉटच्या आसपास बांधलेली. मग एवढी वेगवेगळी इंजिनं कशाला? थोडं कारण मार्केटिंग, कंपनीला शोरूममधल्या गाडीशी नातं दाखवायचं असतं, ते लपवायचं काही कारण नाही. पण थोडं कारण हे की प्रत्येकाने गाडीचं वजन, टाकीची जागा आणि कूलिंग ह्यांचं गणित वेगळं मांडलंय. लांबलचक व्ही१२ घेतलं की मधली जागा खाल्ली जाते, पण हायब्रिडचं सामान नाही म्हणून तेवढी सुटतेही. टाकीचं तर फार कमी लोक बोलतात. ड्रायव्हर आणि इंजिन ह्यांच्या मधे टाकी ठेवतात कारण पेट्रोल संपत जातं तसं वजन घटतं आणि ते टोकाला असेल तर पिटमधून निघालेली गाडी आणि तासाभराने पिटमध्ये येणारी गाडी ह्या दोन वेगळ्या गाड्या होतात. २४ तासांत ड्रायव्हरला हे पंचवीस-तीस वेळा सहन करावं लागेल.

आता मेकॅनिककडे येऊ, ह्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं. २००० च्या दशकातली ऑडी आर८ पाच वेळा ले माँ जिंकली, २०००, ०१, ०२, ०४, ०५. वेगवान होती पण तिची खरी कमाल मागच्या बाजूला होती. गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन, ब्रेक, सगळं मिळून एक अख्खा तुकडा, पाइप आणि वायरींना झटक्यात सुटणारे जोड. गिअरबॉक्स कुरकुरला की गाडी आत, मागचं सगळं बॉडीवर्क उचललं, जुना तुकडा सोडला, ट्रॉलीवर तयार ठेवलेला नवा तुकडा सरकवला, बोल्ट, जोड, चाकं, काही मिनिटांत गाडी परत ट्रॅकवर. इतरांना ह्याच कामाला तासाच्या हिशोबात वेळ लागायचा. हे जमलं कारण इंजिन मधे आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स अशी सरळ रांग होती, मागचा भाग डब्यासारखा सुटा होत होता. पुढच्या इंजिनाच्या गाडीत लांब शाफ्ट, टॉर्क ट्यूब, मधे ड्रायव्हर, हे असं सुटत नाही. पण उलटंही आहे बरं का, पुढच्या इंजिनाच्या गाडीत बॉनेट उचललं की इंजिन समोर उघडं, बेल्ट, कॉइल, होजपाइप हाताला लागतो. मधल्या इंजिनात टर्बोच्या खाली कुठेतरी एखादा पाइप सुटला तर तिथे हात घालायला जागा नसते आणि जे लागतं ते भाजतं.

२०१६ ला टोयोटाचं काय झालं आठवा. शेवटची काही मिनिटं उरलेली, पहिल्या नंबरवर टोयोटा, आत काझुकी नाकाजिमा, आणि गाडीची ताकद गेली. टर्बोपासून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारा भाग) जाणाऱ्या हवेच्या पाइपवरचा एक जोड निकामी झाला. २३ तास ५० मिनिटं सगळं बरोबर आणि एक जोड! पोर्शे पुढे निघून गेली. मी असं म्हणत नाही की इंजिन दुसरीकडे असतं तर हे टळलं असतं, पण मागच्या अंगाला टर्बो, इंटरकूलर आणि पाइप किती दाटीवाटीने कोंबलेले असतात हे ज्याला माहितीये त्याला त्या दिवशी आश्चर्य कमी आणि वाईट जास्त वाटलं असेल.

आणि आता निस्सान. २०१५ ची जीटी-आर एलएम निस्मो. पुढे इंजिन, आणि ताकदही पुढच्याच चाकांना! प्रोटोटाइप क्लासात! तेव्हा सगळे हसले आणि अजून हसतात, पण मला ती गाडी मनापासून आवडते आणि तिच्यावर झालेला अन्याय कोणीतरी लिहायला हवा. डिझायनर बेन बॉल्बीचा विचार असा की तेव्हाच्या नियमात मागच्या बाजूच्या हवेवर खूप बंधनं होती आणि पुढच्या बाजूला मोकळीक जास्त होती. मग डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, पुढून काढायचा, आणि पुढे डाउनफोर्स काढायचा तर वजनही पुढे हवं, नाहीतर गाडीचा तोल जाणार, वजन पुढे तर इंजिन पुढे, इंजिन पुढे तर ताकदही पुढच्या चाकांना. एकेक पायरी बघितली तर एकही पायरी चूक नाही. टायरही उलटे, पुढचे रुंद आणि मागचे अरुंद, आणि मागची बाजू मोकळी म्हणून गाडीच्या आतून आरपार हवेचे बोगदे.

फक्त ह्या सगळ्याचा पाया हायब्रिड सिस्टीमवर होता आणि ती सिस्टीम रेसमध्ये चालली नाही. ती ब्रेकची ऊर्जा ओढून घेणार होती, ती नसल्याने सगळा भार पुढच्या ब्रेकवर, ब्रेक तापले. पुढच्या टायरना वळायचं, पळायचं आणि थांबायचं तिन्ही कामं एकट्याने. क्वालिफायिंगला पोलच्या, म्हणजे पहिल्या नंबरच्या, पोर्शेपेक्षा २० सेकंद मागे. तीन गाड्या आल्या, दोन बाद झाल्या, तिसरी शेवटपर्यंत फिरत राहिली पण अंतर कमी भरल्याने निकालात धरली नाही. वर्ष संपायच्या आत कंपनीने प्रोजेक्ट बंद केला. लोकांनी निष्कर्ष काढला की पुढचं इंजिन प्रोटोटाइपमध्ये चालत नाही. अहो पण ते कुठे तपासलं गेलं? तपासलं गेलं एवढंच की अर्धवट तयार गाडी २४ तास चालवू नये. पुढच्या इंजिनाचा प्रोटोटाइप त्याआधी पॅनोझने चालवून दाखवला होता, १९९९ ला अमेरिकन ले माँ सिरीजची टीम चॅम्पियनशिप घेतली होती त्यांनी, मोठं व्ही८ नाकात घेऊन.

आता कोणी हुशार वाचक म्हणेल की हल्ली बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स आहे, जी गाडी वेगवान तिला वजन वाढवतात, ताकद कमी करतात, सगळ्यांना एका ओळीत आणतात, मग इंजिन कुठेही ठेवा काय फरक पडतो. हा आक्षेप मी बऱ्याच वेळा ऐकलाय आणि तो अर्धाच बरोबर आहे. बॅलन्सने एका लॅपचा वेळ सारखा होतो. तो वेळ कुठे मिळतो हे सारखं होत नाही. ९११ ला तो ब्रेकिंगला आणि कोपऱ्यातून निघताना मिळतो, मधल्या इंजिनाच्या फेरारीला वेगवान वळणात मिळतो, पुढच्या इंजिनाच्या मस्टँग किंवा बीएमडब्ल्यू एम४ ला वजन दोन्हीकडे वाटलेलं असल्याने गाडीचा स्वभाव शांत ठेवता येतो आणि क्लासात ब्राँझ दर्जाचा, म्हणजे हौशी ड्रायव्हर सक्तीने असतो त्याला ते फार कामाला येतं. एलएमजीटी३, म्हणजे ले माँच्या आताच्या जीटी क्लासात, प्रो ड्रायव्हरच्या दोन सेकंदांपेक्षा त्या हौशी माणसाने रात्री गाडी वाळूत न घालणं जास्त किमतीचं असतं. शिवाय ट्रॅफिक. मागून हायपरकार (सगळ्यात वेगवान क्लासातली गाडी) येते, जीटीवाल्याला लाइन सोडावी लागते, घाणेरड्या भागावरून जावं लागतं, तिथे कोणत्या गाडीला पकड राहते आणि कोणती सरकते हे बॅलन्सच्या तक्त्यात कुठेच नसतं. टायर तिसऱ्या-चौथ्या तासाला कसे आहेत हेही नसतं. माझं तर म्हणणं आहे की बॅलन्समुळेच हे तीन प्रकार शिल्लक राहिले, नाहीतर कधीच सगळे मधे इंजिन लावून मोकळे झाले असते आणि आपल्याला वीस गाड्या एकाच साच्यातल्या बघाव्या लागल्या असत्या. ज्यांना बॅलन्स म्हणजे फसवणूक वाटते त्यांनी ह्याचाही विचार करावा.

माझी विनंती एवढीच की गाड्यांचा तक्ता छापता त्यात हॉर्सपॉवरच्या शेजारी एक रकाना वाढवा, इंजिन पुढे, मधे की मागे, आणि जमलं तर गाडी वरून कापलेली दाखवणारं एक छोटं चित्र, टाकी कुठे, ड्रायव्हर कुठे, इंजिन कुठे. जागा लागते माहितीये, शॅम्पेनचा फोटो थोडा बारीक करा.

आणि वाचकांना सांगायचं तर पुढच्या वेळी ले माँ बघताना जीटीच्या गाड्या आर्नाजच्या कोपऱ्यातून निघताना बघा. ट्रॅकवरचा तो सगळ्यात स्लो कोपरा आहे. पाऊस असेल तर आणखीच बघा. ९११ चं नाक किंचित वर होतं आणि ती निघते, तिच्या मागच्या गाडीचा ड्रायव्हर स्टिअरिंगशी झटापट करत असतो, आणि मग पोर्शे कर्व्ह्जच्या वेगवान वळणांत तीच मागची गाडी परत तिच्या बंपरला येऊन चिकटते.

आपला,
क्रीडा पान आधी उघडणारा एक वाचक